टपरीमागून पाहिलेलं

आमच्या घरात रोज दोन पिठांच्या भाकऱ्या होत. आई चामटोलीची, तिला तांदळाच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. बाबा जुन्नरकडचे, त्यांना बाजरीची लागे. मोरिवलीतल्या आमच्या एका खोलीत, एकाच तव्यावर, आधी पांढऱ्या आणि मग करड्या भाकऱ्या पडत, आणि आई दर सकाळी न चुकता म्हणे, "तुमच्या बाजरीनं माझा तवा काळा होतो." बाबा दाढी करता करता आरशातूनच म्हणत, "तवा जन्मापासून काळा असतो, हिरा." एवढंच त्यांचं भांडण. शेजारच्या खोल्यांमध्ये भांडी फेकली जात, बायका माहेरी निघून जात, आणि आमच्याकडे तव्याच्या रंगावरून वाद. मला लहानपणी याची थोडी लाजच वाटायची. आमच्या घरात काही घडतच नाही, असं वाटायचं.

बाबा शिंपी होते. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कारखान्यात ते जीन्सच्या पँटी शिवत. तिथं त्यांना सगळे मास्टर म्हणत, पण हा मास्टर समोरून कुत्रं आलं तरी सायकलवरून उतरून रस्ता बदलणारा होता. कुणी रांगेत पुढं घुसलं तर "जाऊ दे." दूधवाल्यानं पाणी घातलं तर "जाऊ दे." घरमालकानं आमच्या दारात स्वतःच्या विटा रचून ठेवल्या, आम्ही आठ महिने त्या विटांवरून उडी मारून घरात शिरत होतो, तरी "जाऊ दे." शेवटी आईनंच एका रविवारी पदर खोचून त्या विटा उचलल्या आणि मालकाच्या ओट्यावर नीट रचून आली. बाबांनी तिला मदत केली, पण मालक घरात नाही याची खात्री करून.

आई जवळच्याच एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. खोकल्याचं औषध बाटल्यांत भरून यायचं, बायकांनी बूच घट्ट करायचं, लेबल चिकटवायचं, खोक्यात भरायचं. तिच्या अंगाला कायम त्या औषधाचा गोड, झोपाळू वास येई. तिच्या डब्याच्या पिशवीला आणि खुंटीवरच्या साडीच्या पदराला मुंग्या लागत. संध्याकाळी ती घरी आली की पहिलं काम म्हणजे पदर झटकणं. मी अजूनही एखादं लहान मूल खोकल्याचं औषध पिताना पाहिलं की मला भूक लागते, कारण त्या वासानंतर आमच्याकडे जेवण असे: सुकट घातलेलं वांगं, नाहीतर वालाचं बिरडं, आणि पाऊस सुरू झाला की मामानं चामटोलीच्या रानातून आणलेली शेवळांची भाजी. ती आई काकडाची आंबट फळं घालून तासभर शिजवी, तरी बाबांच्या घशाला खाज सुटायचीच, आणि तरीही ते दुसऱ्यांदा मागून घेत.

कंपनीत चाळीस बायका होत्या आणि संडासला जायचा पितळी बिल्ला एकच. तो सुपरवायझरच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगलेला असे. तो गळ्यात अडकवल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि एका पाळीत दोनदापेक्षा जास्त मागायचा नाही. आई घरी हे हसत हसत सांगायची. चाळीसजणींना एक बिल्ला म्हणजे देवीचा मुखवटाच गो, म्हणायची, मिरवणूक काढूनच जायचं. मला ते त्या वयात खरंच विनोदी वाटे.

शेवंता मावशी आईच्या शेजारच्या जागेवर उभी राहून काम करायची. ती आमच्याच गल्लीत राहत होती. वयानं आईपेक्षा बरीच लहान, सारखी हसणारी, आणि तेव्हा सहा महिन्यांची गरोदर. एके दिवशी तिनं तिसऱ्यांदा बिल्ला मागितला आणि सुपरवायझरनं दिला नाही. थोड्या वेळानं टेबलाखाली फरशीवर पाणी पसरलं. शेवंता मावशी हातातली बाटली तशीच धरून, मान खाली घालून उभी होती. आई सांगायची, की कुणी काही ठरवलं नव्हतं, कुणी घोषणा दिली नाही, पण चाळीसजणींचे हात थांबले. पट्ट्यावरून बाटल्या येत राहिल्या आणि एकेक खाली पडून फुटत राहिल्या. आई खिळ्यापाशी गेली, बिल्ला काढला आणि सुपरवायझरच्या समोर ठेवून म्हणाली, "उद्यापासून हा तुम्ही घाला."

तिथून सगळं सुरू झालं. युनियनचे तांबे आमच्याकडे येऊ लागले. उंच, वाकलेले, बिनइस्त्रीच्या शर्टातले. आमच्या घरात खुर्ची नव्हती, म्हणून ते तांदळाच्या पोत्यावर बसून चहा पीत आणि आईला कायदा समजावत. बायकांना दर काही महिन्यांनी मध्येच थोडे दिवस घरी बसवून पुन्हा नव्यानं कामावर घेत, म्हणजे कुणी कधी कायम होऊच नये. दहा-दहा वर्षं काम केलेल्या बायका कागदावर नव्याच असत. हे आईला ठाऊक होतं, पण त्याला नाव आहे, त्याविरुद्ध अर्ज करता येतो, हे तिला तांब्यांकडून कळलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती. तांबे बोलू लागले की ती भाकरी थापता थापता हात थांबवी आणि म्हणे, "परत एकदा सांगा." बाबा दारात बसून काजांना टाके घालत आणि मधूनच बाहेर डोकावून कुणी ऐकत नाही ना ते पाहत.

बत्तीस बायकांनी युनियनच्या फॉर्मवर सह्या केल्या. त्यानंतरच्या सोमवारी गेटवर अकरा जणींची नावं लागली: यांना आत सोडू नये. आईचं नाव पहिलं होतं, शेवंता मावशीचं तिसरं. त्या अकराजणी गेटसमोर रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून बसल्या. सकाळी सातला जायच्या, पाळी सुटली की घरी यायच्या, कामावर गेल्यासारख्याच. घोषणा सुरुवातीला लाजत लाजत दिल्या. आईचा आवाज चांगला होता, पण तो लग्नातल्या गाण्यांचा. घोषणासुद्धा ती चालीवर म्हणायची आणि बाकीच्या हसून लोटपोट व्हायच्या. मी दहावीत होते. सकाळची शाळा सुटली की घरी येऊन डबा करायचे, आणि बाबा जेवणाच्या सुट्टीत उल्हासनगरहून सायकल हाणत येऊन तो डबा गेटवर पोचवायचे. बाबांना तिथं थांबायला नको वाटे. डबा ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवायचा, "गरम आहे" म्हणायचं आणि निघायचं.

नवव्या की दहाव्या दिवशी ते डबा घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. डबा तसाच भरलेला. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. "नंदा, दवाखान्यात चल," एवढंच म्हणाले. रस्त्यानं ते सायकल हातात धरून चालत होते. तिच्यावर बसायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

काय झालं ते मला दवाखान्यात बायकांकडून कळलं. एक टेम्पो आला. त्यातून दहा-बारा माणसं उतरली, हातात लोखंडी पाइप, सायकलच्या चेनी. त्यांनी आधी ताडपत्री ओढली, बायका कोलमडल्या, आणि मग मारायला सुरुवात केली. गेटवरच्या वॉचमननं गेट आतून लावून घेतलं. शेवंता मावशीला उठता येत नव्हतं. तिच्यावर पाइप उगारलेला पाहून आई मध्ये पडली आणि उजवा हात वर केला. मनगटाच्या वर दोन ठिकाणी हाड मोडलं. बाकीच्यांपैकी एकीचं डोकं फुटलं, एकीच्या दोन बरगड्या गेल्या. शेवंता मावशीला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, आणि ती त्याच एका गोष्टीसाठी रडत होती. आई बाकावर बसली होती. मला पाहून म्हणाली, "डबा कुठाय? या सगळ्या उपाशी आहेत."

प्लास्टर ओलं असतानाच हवालदार येऊन सगळ्याजणींना पोलीस ठाण्यात घेऊन गेला. आम्हीही मागोमाग गेलो. तिथं वहीत आधीच लिहून तयार होतं, की कामावरून काढलेल्या बायकांनी गेट तोडायचा प्रयत्न केला, वॉचमनला मारहाण केली आणि आपसांत झोंबाझोंबी होऊन त्या जखमी झाल्या. आई म्हणाली, "म्हणजे मीच माझ्या हातावर पाइप मारला?"

"बाई, टेम्पो कुणी पाहिला?" हवालदार म्हणाला. "आजूबाजूला एक माणूस सांगायला तयार नाही. पानवाल्याला विचारलं, तो म्हणतो दुकान बंद होतं. तुम्ही अकराजणी सोडल्या तर साक्षीदार कोण?"

बाबा माझ्या बाजूला उभे होते. ते खाली फरशीकडे पाहत होते.

मारणारे कधीच सापडले नाहीत. गुन्हा मार खाणाऱ्यांवर दाखल झाला. दर सोमवारी अकराजणींनी ठाण्यात जाऊन हजेरीची सही करायची, आणि आई तिथं डाव्या हाताचा अंगठा उठवी. तिला लिहिता येत होतं, म्हणून तो अंगठा तिला मोडलेल्या हातापेक्षा जास्त दुखायचा. मग कंपनीचं पत्र आलं, हिंसक वर्तनाबद्दल सर्वांना कामावरून कमी केल्याचं. त्याच्या पाठोपाठ निरोप आला, की युनियननं आम्हाला भडकवलं, मारामारी आम्हीच सुरू केली, असं लिहून माफी मागेल तिला परत घेऊ.

शेवंता मावशीनं सही केली. तिच्या नवऱ्याला बाजारात अडवून कुणीतरी विचारलं होतं, बायकोनं कुठल्या इस्पितळात नाव घातलंय? बस, एवढंच विचारलं होतं. ती आमच्या दारात आली तेव्हा आत येईना. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "हिराताई, मी सही केली."

आईनं तिच्या पोटाकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "नंदा, बिरडं वाटीत घाल तिला. नववा लागलाय." शेवंता मावशीनं वाटी घेतली आणि ती गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडली. मी रागानं म्हणाले, तिच्यासाठी हात मोडलास आणि तिनं तुझ्याविरुद्ध लिहून दिलं. आई म्हणाली, "मी हात मोडला तो काय तिच्याकडून सही घ्यायला मोडला?" मला ते तेव्हा पटलं नाही. आज साठी उलटल्यावर पटतं, पण तसं वागायला जमेल का, ते सांगता येत नाही.

त्या दिवसांतलं एक मात्र मला फार आवडतं. आईचा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे तिची वेणी कोण घालणार? मी शाळेच्या घाईत. एका सकाळी मी पाहिलं तर बाबा तिच्या मागं पाटावर बसलेत आणि तोंडात रबर धरून तिची वेणी घालताहेत. शिंप्याचे हात ते. तीन पेड इतके एकसारखे, इतके घट्ट, की आईच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. "मला काय पँट समजलात का?" आई ओरडली. बाबा म्हणाले, "पँट हलत नाही." दोन महिने रोज त्यांनी तिची वेणी घातली. दार लावून, कारण गल्लीतल्या बायका हसत. माझ्या लग्नाच्या दिवशी आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, की तिच्या डोक्यावर इतकी चांगली वेणी ना त्याआधी कधी होती ना त्यानंतर.

एका रविवारी दुपारी तांबे आले. वकिलांना प्रत्येकीचा जबाब लेखी हवा होता, तिच्या स्वतःच्या शब्दांत. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं, म्हणून लिहायला मी बसले. पहिला जबाब आईचा. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, पण माझ्या डोक्यात निबंधाची भाषा. "नराधमांनी निःशस्त्र अबलांवर अमानुष हल्ला चढविला," असं मी लिहिलं आणि मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं.

"असं मी कधी बोलले?" आई म्हणाली.

"अगं, छान वाटतं वाचायला."

"छान वाटायला मार नाय खाल्ला मी. नराधम काय? माणसंच होती. एकाच्या पायात निळी चप्पल होती, दुसऱ्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता, ते लिही. आणि अबला कुणाला म्हणतेस?"

मी कागद फाडला आणि पुन्हा लिहिलं. दुपारभर एकेक बाई येऊन माझ्यासमोर बसत होती आणि मी निळी चप्पल, टेम्पोच्या मागचं लिंबू, वॉचमननं लावलेली कडी, असं जे जसं होतं तसं उतरवत होते. पुढं मी तीस वर्षं वकिलांकडे टायपिस्ट म्हणून काम केलं, हजारो जबाब टाइप केले, पण लिहायला मी त्या रविवारी शिकले.

बायका गेल्या. तांबे कागद जुळवत म्हणाले, "जबाब चांगले आहेत. पण शेवटी या सगळ्या कामावरून काढलेल्या. कंपनीचा वकील म्हणणार, शिकवून आणल्यात. बाहेरचा एक माणूस मिळाला असता तर."

आई चुलीपाशी बसून डाव्या हातानं भाकरी उलटत होती. बाबा दारात होते. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि सुई नीट सदऱ्याच्या कॉलरला खोचली. मग म्हणाले, "नंदा, एक कागद घे. माझा लिही."

"तुमचा कसला, बाबा? तुम्ही तर सगळं झाल्यावर पोचलात."

"नाही," ते म्हणाले. "टेम्पो यायच्या आधीच पोचलो होतो."

 बाबा माझ्याकडे पाहून बोलत होते, आईकडे नाही. गेटच्या समोर पानाची टपरी होती. तिथं सायकल लावून ते ताडपत्रीकडे निघणार, तेवढ्यात टेम्पो आला. पाइप दिसले. ते टपरीच्या मागं गेले. पानवालाही तिथंच बसला होता, दोघं एकमेकांना चिकटून. फळीला भोक होतं, त्यातून सगळं दिसत होतं. टेम्पोचा नंबर त्यांना पाठ होता. उतरलेल्या दोघांना त्यांनी आदल्या दिवशी कंपनीच्या मॅनेजरबरोबर गेटात उभं राहून चहा पिताना पाहिलं होतं. सुपरवायझरनं आतून हात करून बायकांकडे बोट दाखवलं, तेही पाहिलं होतं. आणि आईच्या हातावर बसलेला पाइप पाहिला होता.

मी लिहीत होते, पण मला ते लिहवेना. मी लिहिलं, "मी मदतीसाठी धावलो, परंतु गर्दीमुळे पुढे जाता आले नाही." लिहून वाचून दाखवलं.

"खोड ते," बाबा म्हणाले.

"बाबा, कोर्टात सगळ्यांसमोर..."

"टपरीमागं लपलो होतो असं लिही. एक खोटं घातलं की बाकीचंही खोटं होईल. मग तुझ्या आईचा हात फुकट जाईल."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. बाबांनी सही केली, तांब्यांनी कागद घेतला आणि चपला घालून ते गेले. मग खोलीत आम्ही तिघंच उरलो. मला वाटलं, आता आई काय म्हणेल? तिनं तवा उतरवला. डाव्या हातानं ताट वाढलं, बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर आमटी घातली आणि ते बाबांच्या समोर ठेवलं. बाबांनी हात लावला नाही.

"महिनाभर एकट्यानंच पोटात ठेवलंत?" आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

"मना वाटलं, माझा हात मोडल्यापासून तुम्ही बाजरी सोडलीत म्हणून वाळताय." मग म्हणाली, "मी तिथं होते, म्हणून सांगते. पुढं आला असतात तर तुम्हाला मारून टाकलं असतं. जेवा." आणि तिनं आपलं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बैठक मारली. एरवी ती आमचं झाल्यावर जेवायची.

साक्षीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवड्यात शेठनं बाबांना बोलावलं. गोरा, जाडा माणूस, कायम बनियनवर. "मास्टर, मेरे को फोन आया है," तो म्हणाला. "बोलते हैं इस आदमी को निकालो. मेरा माल भी उधर के लोगों के ट्रान्सपोर्ट से जाता है. तू गवाही मत दे ना, साईं."

बाबा म्हणाले, "शेठ, नाम दे चुका."

शेठनं कपाळावर हात मारला. मग सगळ्या कारागिरांसमोर मोठ्यानं ओरडला, "चल निकल! कल से दिखना नहीं!" बाबा सायकल घेऊन घरी आले आणि आई म्हणाली, ठीक आहे, भाजी विकू. पण दुसऱ्या सकाळी आमच्या दारात हातगाडी उभी, तिच्यावर कापलेल्या जीन्सचे गठ्ठे. हातगाडीवाल्याबरोबर निरोप होता: "निकाला दुकान से है, काम से नहीं. घर पे सी. और किसी को बोल मत." पुढं चार वर्षं बाबांनी घरीच शिवलं. शेठ रस्त्यात भेटला की चारचौघांत बाबांकडे बघायचाही नाही. माझ्या लग्नात मात्र आला, दोन वेळा जेवला आणि बाबांच्या गळ्यात पडून रडला.

ती चार वर्षं सोपी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या दाराला दोनदा बाहेरून कडी घातली गेली. सायकलचे टायर कापले गेले. मामा चामटोलीहून तांदूळ घेऊन यायचा आणि आईला म्हणायचा, "सोड गो हे, घरा चल सगळी, शेत हाय." आई तांदूळ ठेवून घ्यायची आणि मामाला परत पाठवायची. अकराजणींच्या सातच उरल्या. बाबा कुत्र्याला घाबरून रस्ता बदलायचे ते बदलतच राहिले. पण दर तारखेला ते आईबरोबर ठाण्याला कामगार न्यायालयात जायचे, धुतलेला सदरा घालून, आणि तारीख पुढं पडली की परत यायचे.

शेवटी त्यांची साक्ष झाली तेव्हा मी कॉलेज बुडवून गेले होते. कंपनीचा वकील तयारीचा होता. त्यानं जबाब वाचला आणि चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं.

"म्हणजे तुमची बायको मार खात होती आणि तुम्ही टपरीमागे लपला होता?"

"हो साहेब."

"किती वेळ?"

"सगळं संपेपर्यंत."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. माझे कान तापले. आई ताठ बसून होती.

"स्वतःच्या बायकोला वाचवायला जो पुढे आला नाही, अशा माणसाच्या शब्दावर कोर्टानं विश्वास का ठेवावा?"

बाबांनी थोडा विचार केला. ते नेहमीच्याच, कुणाला त्रास नको अशा आवाजात म्हणाले, "साहेब, ज्या पुढं होत्या त्यांना पाइप दिसला. मारणारा दिसायला त्यांना सवडच नव्हती. मी हललो नाही, म्हणून मला सगळं दिसलं. मला शूर दाखवायचं असतं तर मी हे सांगितलंच नसतं."

आता कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी मान खाली घातली आणि ते लिहून घेतलं. मग बाबांनी टेम्पोचा नंबर सांगितला. चार वर्षांनी, न अडखळता. तो टेम्पो कंपनीचाच माल वाहणाऱ्याचा निघाला.

निकाल आला तेव्हा सातहीजणींना कामावर परत घ्यायचा हुकूम होता. पोलिसांची केस त्यानंतरही बराच काळ रेंगाळली आणि मग कागद न सापडल्यामुळे बंद झाली. टेम्पोतल्या माणसांना काहीच झालं नाही. कंपनीही पुढं तीनेक वर्षांनी बंद पडली. त्या जागेवर आता कुरिअरचं गोदाम आहे, आणि गेटसमोर मोबाइलचं दुकान. मी बदलापूरला राहते. कधी त्या बाजूला काम निघालं तर रिक्षावाल्याला मुद्दाम त्या रस्त्यानं घ्यायला सांगते. तिथं काही बघायला नाही, तरी बघते.

आई परत कामावर गेली तो दिवस शेवटचा सांगते. सकाळची पाळी. तिनं हिरवी साडी नेसली होती. बाबा म्हणाले, मी सोडायला येतो, आणि मीही निघाले. गेटवर नवा वॉचमन होता. त्यानं कागद पाहिला, आत फोन केला आणि थांबायला सांगितलं. बाकीच्या बायका एकेक करून आत गेल्या, भोंगा झाला, तरी या सातजणी बाहेरच. अर्धा तास गेला. बाबा माझ्याजवळ रस्त्याच्या पलीकडे उभे होते आणि सारखे घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, जाऊ दे. ते रस्ता ओलांडून थेट वॉचमनसमोर गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण वॉचमननं पुन्हा फोन उचलला. बाबा तिथंच, गेटला हात लावून उभे राहिले. थोड्या वेळानं छोटं दार उघडलं. आई पदर सावरून वाकली आणि आत गेली, तिच्यामागून बाकीच्या सहाजणी.

दार लागल्यावर बाबा माझ्याकडे परत आले.

"मागं वळून पाहिलं का गं तिनं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ते सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसत म्हणाले. "मी रडत होतो."